हरकत नसल्यास

८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सादर सलाम वि. वि.

तुझं पत्र मागच्याच आठवड्यात पोचलं. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण आळस नाही. लिहायला बसले की पहिल्या ओळीत मी खुशाल आहे असं लिहावं लागतं, आणि तिथेच हात थांबायचा. खोटं लिहायचं नाही असं तूच शिकवलंस, मग पुढे काय लिहायचं ते सुचत नव्हतं. आज ती ओळ गाळून पत्र लिहिते आहे.

विभागाच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई, अर्धांगाच्या झटक्यानंतर अजून घरीच आहेत. हात हलायला लागलाय, पण बोलताना शब्द सापडत नाहीत. तोवर महाविद्यालयाच्या मुलींच्या विभागाचा कारभार माझ्याकडेच आहे. मलाच का दिला म्हणशील, तर बाकीच्या शिक्षिकांना संध्याकाळी घरी मुलंबाळं असतात आणि मी वसतिगृहातच राहते. माझी पात्रता ती एवढीच. सकाळी नळाला पाणी नसलं तरी माझ्याकडे येतात आणि वारसाहक्काच्या हिशेबात भावाबहिणींचे वाटे जुळेनात तरी माझ्याकडेच. दमायला होतं गं.

परवा कार्यकारी मंडळाची बैठक झाली. माझी खोली सभेच्या खोलीला लागून आहे, मंडळावर सगळे पुरुष, म्हणून मधे धुरकट काचेची भिंत. माझ्या टेबलावर एक माईक आहे, त्याचं बटण दाबून धरलं तरच पलीकडे ऐकू जातं. त्यांचं बोलणं मात्र कपाटावरच्या स्पीकरमधून सतत येत असतं, कपबश्यांच्या आवाजासकट.

ठराव असा आला की शेवटच्या वर्षाचा शरीअतच्या कायद्याचा वर्ग यापुढे मुलांच्या विभागातले मोठे उस्ताद स्पीकरवरून घेतील, म्हणजे आमच्या मुलींच्या पदवीला बाहेर जास्त वजन येईल. आमच्या कायद्याच्या बाई, ज्या इतकी वर्षं तो वर्ग शिकवतात, त्यांनी वर्गात बसून हजेरी घ्यायची आणि स्पीकर चालू-बंद करायचा. अध्यक्षसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, हरकत नसल्यास मंजूर समजावं का. मग आमच्या बाजूला वेगळं विचारलं, तेही अगदी मायेने. माझं बोट बटणावर होतं, आत्या. पण मनात आलं, मोठ्या बाईंच्या जागी कायमची नेमणूक व्हायची आहे, आता मी बोलले तर ते आपलं खातं राखायला बोलते असं वाटेल. मग वाटलं, खरंच तसं तर नाही ना? मग ते शोधत बसले. माझं शोधून होईपर्यंत अध्यक्षसाहेब म्हणाले की बाईंची मूक संमती आहे, अल्हमदुलिल्लाह. पलीकडून कुणीतरी म्हणालं की घरचं वळण असं दिसतं. आणि चहा आला.

कायद्याच्या बाईंना मीच जाऊन सांगितलं. त्या फळा पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की वर्गातल्या कपाटाची किल्ली आत्ताच द्यायची की महिनाअखेर.

अब्बांना हे सांगू नकोस. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. तुझी माया आहे म्हणून इतकं लिहिलं, ती तशीच असू दे.

तुझी,
पुन्हा


१७ सप्टेंबर

चि. पुन्हाबाई हिस,
अनेक उत्तम दुवा.

ओळी तिरक्या गेल्या तर समजून घे. एका डोळ्याची पट्टी निघाली आहे, दुसरा अजून रुसून बसलाय. थेंब वेळेवर घालते. तुझे अब्बा घालतात, खरं तर, आणि निम्मे गालावर घालतात.

तुझं ‘पुन्हा’ हे नाव मी ठेवलं ते उगीच नाही. लहानपणी नमाजआधी वजूचे हातपाय धुवायला बसलीस की उठायचीच नाहीस. कोपर कोरडं राहिलं वाटतं, पुन्हा. टाच राहिली वाटतं, पुन्हा. सगळ्या घराचं पाणी संपायचं आणि नमाजची वेळही. तेव्हा आम्ही हसत होतो. आता हसू येत नाही, कारण पाणी दुसऱ्याचं संपलंय.

अब्बांना सांगू नको म्हणतेस, पण अध्यक्षसाहेबांनी त्यांना आधीच फोन केला होता. तुझी लेक थोरांपुढे तोंड उघडत नाही म्हणाले. तुझ्या अब्बांचा चेहरा असा उजळला की बोलायची सोय नाही. शिंप्याला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, मशिदीतून परतताना अर्ध्या गल्लीला सांगून झालं. मी माझ्या खोलीत बसून ऐकत होते आणि दात खात होते. जे दोनचार उरलेत ते.

मला एक सांग, तू गप्प होतीस की राजी होतीस? या दोन गोष्टी मी तुला एक म्हणून कधी शिकवल्या? निकाहाच्या वेळी लाजऱ्या मुलीचं गप्प राहणं होकार धरतात, ते तिला बोलायचा संकोच पडू नये म्हणून. ती सवलत मुलीची आहे. तुमच्या मंडळाने ती उचलून स्वतःच्या खिशात घातली. तू काय मंडळाशी लग्न लावलंस?

नियत तपासावी, जरूर तपासावी. पण तुझी नियत चाळणीतून खाली पडेपर्यंत त्या बाईचा वर्ग गेला. ते कुणाच्या खाती लिहिलं जाईल, तेही एकदा शोध.

रागावले नाही. थोडी रागावलेय. जेवत जा. दुवेत तू असतेसच.

तुझी,
आत्या


४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सादर सलाम वि. वि.

तू रागावलीस ते बरं झालं. इथे माझ्यावर कुणी रागावत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

स्पीकरवरचा वर्ग सुरू झाला. उस्ताद वाईट नाहीत, हे आधी लिहिते. विद्वान आहेत, आवाज गोड आहे, वेळेवर येतात. पहिलाच धडा शुद्धतेचा होता. तुला ठाऊक आहे, कायद्याच्या बाई हा धडा घ्यायच्या तेव्हा पुढचे सगळे धडे मागे पडायचे. पाळीचे दिवस पुढेमागे झाले तर रोजा धरायचा का, बाळंतीण कधीपासून नमाज पढेल, औषधाने पाळी लांबवली तर काय. मुली आधी कुजबुजायच्या, मग एकीचं ऐकून दुसरी, आणि शेवटी इतका गलका की मी वरच्या मजल्यावरून खाली यायची. बाई कंटाळायच्या नाहीत. कुणाची बहीण, कुणाची आई, कुणाची शेजारीण, सगळ्यांचे प्रश्न त्या वर्गातून उत्तर घेऊन घरी जायचे.

आता उस्ताद धडा संपवतात आणि काही शंका आहे का म्हणून विचारतात. मुलींपुढे माईक आहे. बटण कुणी दाबत नाही. कोण दाबेल? पलीकडे एक परका पुरुष आणि त्यामागे मुलांचा अख्खा वर्ग बसलेला. उस्ताद थोडं थांबतात आणि म्हणतात की माशाल्लाह, सगळं समजलेलं दिसतं. मुलींच्या हुशारीचं त्यांनी मंडळापुढे कौतुकसुद्धा केलं. शुद्धतेचा धडा एका आठवड्यात संपला.

मागच्या बाकावर कायद्याच्या बाई बसतात. हजेरी घेतात, स्पीकर लावतात, बंद करतात. मुली त्यांच्याकडे वळून पाहतात तेव्हा त्या खिडकीकडे बघतात. काल एक मुलगी जिन्यात त्यांना गाठून काहीतरी विचारत होती. तिच्या बहिणीचा तलाक झालाय आणि दुसऱ्या लग्नाआधी थांबायचे इद्दतीचे दिवस कुठून मोजायचे यावरून घरात भांडण लागलंय. बाईंनी तिला सांगितलं की आता हे आपल्या अखत्यारीत नाही, उस्तादांना विचार. मी दोन पायऱ्या खाली उभी होते. मला पाहून दोघी सलाम करून निघून गेल्या. बाईंचा सलाम पूर्वीइतकाच नीट होता. तेवढाच नीट, त्यात काहीच नव्हतं.

आत्या, मी राजीनामा द्यायचं ठरवलं आहे. मी माणसांचा कारभार बघायला लायक नाही. घरी येऊन बैठकीच्या खोलीत लहान मुलींना वाचायला शिकवीन. चुकले तर चटईवरच्या चुका चटईवर राहतील. अब्बांना तसं कळवलंय. पुढची बैठक एकवीस तारखेला आहे, तोवर कागद देईन. कायमच्या नेमणुकीचा विषयही त्याच दिवशी आहे, म्हणजे त्यांनाही सोपं पडेल.

झोप नीट लागत नाही. तुझी आठवण येते. लोभ ठेव, राग ठेवलास तरी चालेल.

तुझी,
पुन्हा


१० ऑक्टोबर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद व दुवा.

तुझं पत्र मिळालं. मला आनंदच झाला. पद हे ओझं आहे, उद्या त्याचा जाब द्यावा लागतो. म्हणून मी तुला कधी काही मागायला शिकवलं नाही. तू थोरांपुढे मर्यादा राखलीस हे कळलं तेव्हा इतक्या वर्षांच्या शिकवणीचं चीज झालं असं वाटलं.

तुझी खोली झाडून घेतली आहे. खिडकीचा कडीकोयंडा निखळला होता तो सुताराकडून बसवला. तू येशील तेव्हा मलाही आधार होईल, आता जिना चढताना धाप लागते. बाकीच्यांच्या मनाचा विचार करून स्वतःला शिणवू नकोस. तू कुणाचं काही हिरावून घेतलं नाहीस, तू फक्त गप्प राहिलीस.

तुझी आत्या हल्ली माझ्याशी धड बोलत नाही. कारण विचारलं तर म्हणते डोळे दुखतात.

अल्लाह तुला सुखी ठेवो.

तुझे,
अब्बा


१२ ऑक्टोबर

चि. पुन्हाबाई हिस,
अनेक दुवा, आणि यावेळी एक चापट.

तुझ्या अब्बांचं पत्र गेलं त्याच्या पाठोपाठ हे टाकते आहे. त्यांनी मला वाचून दाखवलं होतं, फार खुशीत. मी म्हटलं, तुम्ही लेकीला बोलावताय की लपवताय? त्यावरून आमचं जुंपलं. दोन म्हातारी माणसं एका चहाच्या किटलीवरून भांडावीत तशी आम्ही शास्त्रार्थावरून भांडलो. ते म्हणाले, पद मागू नये असं पैगंबरांनी सांगून ठेवलंय. मी म्हटलं, सांगितलंय, आणि यूसुफ पैगंबरांनी राजाकडे धान्याची कोठारं स्वतः मागून घेतली तेही कुराणात सांगितलंय. दुष्काळ समोर दिसत होता आणि कोठार सांभाळायची अक्कल आपल्याला आहे हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा ते गप्प बसले असते तर लोक मर्यादेचं कौतुक करत उपाशी मेले असते. तुझे अब्बा उठून गेले. नंतर माझ्या डोळ्यांत थेंब घालायला आले ते मात्र वेळेवर. एकही गालावर पडला नाही. म्हणजे ऐकलंय.

आता तुझं. तुला चूक करायची भीती वाटते हे मी समजू शकते. पण राजीनामा देऊन वर्ग परत येणार आहे का? तू येशील, तुझी खोली झाडलेली आहे, खिडकी लागते. त्या मुलीच्या बहिणीची इद्दत कोण मोजणार?

तुला एक युक्ती सांगते. एकवीस तारखेला तू सांग, वर्ग बाईंना परत द्या. मग गप्प राहा. ते लगेच काही बोलणार नाहीत, आपसात बघतील, कपबश्या वाजतील. तेवढ्यात तू म्हण की मंडळाची मूक संमती आहे, अल्हमदुलिल्लाह. माझ्या जिवाला किती गार वाटेल सांगू.

चेष्टा सोड. पण बटण दाब, बाई. मग ये हवी तर.

तुझी,
आत्या


२५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सादर सलाम वि. वि.

अब्बांना वेगळं लिहिते आहे. ते पत्र पोचेपर्यंत त्यांना काही सांगू नकोस, आणि ते वाचत असताना शेजारी बसून हसू नकोस.

राजीनाम्याचा कागद बैठकीला बरोबर नेला होता. अजून पर्समध्येच आहे. नेमणुकीचा विषय यायच्या आधी मी बटण दाबलं आणि म्हणाले की मागच्या ठरावाला माझी संमती नव्हती. चिटणीससाहेब म्हणाले की बाई तेव्हा बोलल्या नाहीत. मी म्हटलं, बोलले नाही हे खरं आहे, ती चूक माझी. पण त्याला होकार धरलं ही चूक मंडळाची. लाजणाऱ्या नवरीसाठी जी सवलत आहे ती मला लागू करू नका, मी इथे पगार घेते. मग शुद्धतेच्या धड्याचं सांगितलं, जितकं पुरुषांपुढे सांगता येईल तितकं. मुली विचारत नाहीत म्हणजे त्यांना समजलं असं नाही, असं म्हणाले. सांगताना कान तापले होते. उस्ताद स्वतः तिथे होते. तेच पहिले बोलले. म्हणाले, मला वाटायचं मी फार चांगलं शिकवतोय. बिचाऱ्यांचा आवाज उतरला होता.

मग अध्यक्षसाहेबांनी विचारलं की वर्ग परत दिला आणि उद्या पदवीचा दर्जा घसरला, तर जाब कुणी द्यायचा? प्रभारी माणसाचा शब्द आज आहे, उद्या नाही. आत्या, इथे मी अडकले. मी घरी यायचं ठरवून आले होते. झाडलेली खोली डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, मग मला कायम नेमा, मी देते जाब.

चिटणीससाहेबांनी पद न मागण्याच्या शिकवणीची आठवण करून दिली. मी म्हटलं की ती मला वडिलांनी लहानपणीच पाठ करून घेतली आहे. मला पद नको आहे, मला झोप हवी आहे, पण तुम्ही वर्गाची किल्ली त्या खुर्चीला बांधली आहे. कुणीतरी हसलं. बहुतेक उस्तादच.

मग ते सगळे गप्प झाले, अगदी तू लिहिलं होतंस तसे. तुझी युक्ती जिभेवर आली होती. वापरली नाही. आपल्यावर झालं ते आपण करायचं नाही. मी विनंती केली की प्रत्येकाने आपापल्या तोंडाने हो किंवा नाही म्हणावं. त्याला फार वेळ लागला. एका वृद्ध सदस्यांना डुलकी लागली होती, त्यांना उठवून विषय पहिल्यापासून सांगावा लागला. दोघे नाही म्हणाले, ते मला आवडलं. निदान कळलं तरी. बाकीच्यांच्या होकारावर वर्ग एका वर्षासाठी परत आला आणि वर्षभराकरता मी विभागाची प्रमुख झाले. अखेरीस बाहेरचे परीक्षक येऊन मुलींची तोंडी परीक्षा घेतील. त्या नापास झाल्या तर वर्गही जाईल आणि मीही. तोवर खोलीची खिडकी उघडझाप करत जा, नाहीतर नवी कडी गंजेल.

माझी नियत शुद्ध होती का ते मला अजून ठाऊक नाही. सगळे हो म्हणत होते तेव्हा थोडं बरं वाटलं, तेही लिहून टाकते. आता शोधत बसले नाही. वेळच नाही. सकाळी पाणी नव्हतं.

कायद्याच्या बाईंना कपाटाची किल्ली द्यायला गेले. मी बरंच काही म्हणायचं ठरवलं होतं. त्यांनी ते सुरूच होऊ दिलं नाही. किल्ली घेतली आणि म्हणाल्या की शुद्धतेचा धडा पहिल्यापासून घ्यावा लागेल, जादा तास लागतील, वेळापत्रकात बसवा. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या की ते बघू. त्यांनी मला माफ केलेलं नाही, आत्या. आणि घाईने करावं असंही मला वाटत नाही. जिन्यातली ती मुलगी मात्र त्याच दुपारी त्यांच्यासमोर बसलेली दिसली, आणि बाई बोटांवर दिवस मोजत होत्या.

काल दुपारच्या नमाजला एक झालं. मोठ्या बाई आजारी पडल्यापासून आमची नमाज कायद्याच्या बाईच पढवतात. पुरुषांना नमाज पढवणारा इमाम पुढे एकटा उभा राहतो. आमच्यात पढवणारी पहिल्या रांगेतच, सगळ्यांच्या मधे उभी राहते. काल सगळ्या जमल्या, रांगा लागल्या, आणि बाई मधली जागा मोकळी ठेवून तिच्या उजव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, रागाने. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी दारापाशी मागच्या रांगेत होते. बाईंनी मागे न वळता मला हाक मारली आणि म्हणाल्या की वेळ चालली आहे, या.

मी गेले. मी मधे उभी राहिल्यावर त्या सरकून जवळ आल्या, रांगेत फट नको म्हणून. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. ताठ होता, पण लागला होता.

नमाज पढवून सलाम फिरवल्यावर त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की मी फार घाई करते. मागच्या रांगेत वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई असतात, त्यांचे गुडघे धरतात, सजद्यात कपाळ टेकल्यावर उठायला त्यांना वेळ लागतो. उद्यापासून सावकाश.

उद्यापासून, म्हणजे उद्याही मीच.

डोळे जप. चापट पोचली. इथून पुढे पत्रं लहान येतील, त्यावरून माया मोजू नकोस.

तुझी,
पुन्हा